ड्रमर मार्चमध्ये जातोय: एका इमो अल्बमच्या नोंदी

११ जानेवारी २०२५

आज एकच गोष्ट ठरली. ड्रमर मार्चच्या पहिल्या आठवड्यात नोकरीसाठी दुसऱ्या देशात जाणार, त्याआधी ड्रम्स रेकॉर्ड व्हायला हवेत. तो म्हणाला, "माझ्यासाठी थांबू नका, दुसरा कुणीतरी वाजवेल." बेसवाल्याने त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो विषय तिथेच मिटला.

नऊ गाणी आहेत, सगळी इमो, म्हणजे हार्डकोर पंकमधून निघालेला भावनाप्रधान रॉक. सहा पुरी, दोन अर्धी, एकाची फक्त सुरुवातीची ४० सेकंदं. नोंदी मी, म्हणजे गिटारवाल्याने, ठेवायच्या, कारण मागच्या ईपीच्या (छोट्या अल्बमच्या) वेळी 'हा टेक (एका दमात केलेलं रेकॉर्डिंग) कुणी पास केला?' यावरून दोन महिने धुसफूस चालली होती आणि लेखी कुणाकडे काही नव्हतं.

१९ जानेवारी

ट्यूनिंगचा घोळ. चार गाणी साध्या ट्यूनिंगमध्ये, पाच एफ-ए-सी-जी-सी-ई मध्ये. गिटार नुसती उघडी छेडली तरी एफ मेजर नाइन कॉर्ड वाजतो, म्हणून मिडवेस्ट (अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातल्या) इमोवाल्यांचा हा लाडका. अमेरिकन फुटबॉल या बँडच्या १९९९ च्या अल्बममुळे तो घरोघरी पोचला, आणि आम्हीही त्याच रांगेतले, हे कबूल.

अडचण अशी की यात चौथी तार एक पूर्ण स्वर खाली येते. १०-४६ च्या सेटमधली (आकडे तारेच्या जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागांत) २६ ची तार तेवढी उतरवली की ढिली पडते. हळू छेडलं तर ठीक, पण कोरसमध्ये जोरात मारलं की प्रत्येक फटक्याला सूर आधी वर उडतो आणि मग जागेवर येतो. दुसरी आणि सहावी उलट अर्ध्या स्वराने चढतात, त्या ताठ. आज चौथीला २८ ची तार घातली, मग ब्रिजवर इंटोनेशन (सगळ्या पडद्यांवर सूर जुळणं) पुन्हा लावलं. दीड तास गेला. एक गिटार आता कायम याच ट्यूनिंगमध्ये राहणार. गाण्यागणिक खुंट्या पिळणं बंद.

२ फेब्रुवारी

क्लिकवर, म्हणजे हेडफोनमधल्या ठरावीक लयीच्या टिक-टिकवर, वाजवायचं की नाही? वाद होणार हे माहीत होतं, म्हणून आधीच रिहर्सलचं फोनवरचं रेकॉर्डिंग घेऊन लय मोजली. सहावं गाणं सुरू होतं १४२ बीपीएमला (मिनिटाला ठोके), संपतं १४९ ला. ड्रमर ओशाळला. गायिका मात्र खूश, "बरोबर आहे की, शेवटच्या कडव्यात मी पळतच असते."

निर्णय: सात गाणी क्लिकवर, तिसरं आणि सहावं मोकळं. क्लिकवाल्यांतही कोरसला दोन बीपीएम वाढवून टेम्पोचा नकाशा केला. सगळं गाणं एकाच आकड्यावर खिळलं की कोरस आल्याचं कळतच नाही, सगळे फक्त जोरात वाजवताहेत एवढंच कळतं.

सातव्या गाण्याचा सात-आठचा (सात मात्रांचा) ठेका अजून बेसवाल्याच्या अंगात मुरलेला नाही. तो मोजतो. मोजणारा माणूस ऐकणाऱ्याला लगेच कळतो.

१५ फेब्रुवारी

ड्रम्स, दिवस पहिला. एकही टेक झाला नाही.

सकाळपासून माइकच लावत होतो. सेटला अकरा, खोलीत दोन. स्नेअरला (सेटमधल्या खणखणीत मुख्य ड्रमला) वरून एक, खालून एक. कातडं वरच्या माइकपासून लांब जातं तेव्हाच खालच्याच्या जवळ येतं, म्हणून खालच्याची पोलॅरिटी (लहरीची दिशा) उलटी केली नाही तर दोघे मिळून एकमेकांना खातात आणि स्नेअर पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो. ते बटण दाबलं आणि आवाजाला अंग आलं. इतकं सोपं नेहमीच नसतं. ओव्हरहेड, म्हणजे सेटच्या वर टांगलेले माइक, दोन्ही स्नेअरपासून सारख्या अंतरावर हवेत, म्हणून दोरी धरून मापलं, तरी किकचा (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा) तळ पोकळ. शेवटी किकचा बाहेरचा माइक चार बोटं मागे सरकवला तेव्हा जमलं.

खोलीतले माइक चार मीटरवर. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे तिथे ठोका सुमारे १२ मिलिसेकंद उशिरा पोचतो. रेकॉर्डिस्टने विचारलं, नंतर कॉम्प्युटरवर पुढे ओढून जुळवू का? नको म्हटलं. तो उशीर म्हणजेच खोली. तो काढायचा तर खोलीतले माइक लावायचे कशाला?

१६ फेब्रुवारी

दिवस दुसरा. क्लिकवरची पाच गाणी झाली. चौथ्याचा हळू भाग तीनदा घ्यावा लागला, कारण हेडफोनमधली क्लिक ओव्हरहेडमध्ये गळत होती. झांज विरत असताना मागे टिक-टिक-टिक. शेवटी त्या भागापुरती क्लिक बारीक केली आणि लाकडी ठोक्याऐवजी मऊ आवाज लावला. हे पहिल्याच टेकला ऐकायला हवं होतं. मी कंट्रोल रूममध्ये होतो आणि माझं लक्ष गिटारकडे होतं. नोंद माझ्याविरुद्ध.

१७ फेब्रुवारी

दिवस तिसरा, शेवटचा. उरलेली दोन क्लिकवाली दुपारपर्यंत, मग तिसरं, मग सहावं.

सहाव्याचा चौथा टेक. मधला संथ तुकडा संपतो, टॉमवरून (सेटमधल्या बाजूच्या ड्रमांवरून) चढत येणारी भरती, आणि शेवटच्या कोरसच्या बरोबर आधी स्नेअरवर एक सणसणीत ठोका. तो ठोकाच नाही. काठी घामाने निसटली. त्याने दुसरी उचलली आणि पुढच्या मात्रेवर झांजेसकट आत शिरला. पडलेली काठी जमिनीवर दोनदा उडालेली खोलीच्या माइकमध्ये ऐकू येते.

पाचवा टेक अर्ध्यात सोडला, सहाव्यात त्याच्या बोटाचा फोड फुटला. संपलं.

ठोका दुसऱ्या टेकमधून उचलून चिकटवू, असं मी सगळ्यांना सांगितलं. सगळे शांत झाले.

२२ फेब्रुवारी

चिकटत नाही.

क्लिकवर असतं तर चिकटलंही असतं. इथे दुसऱ्या टेकमध्ये त्या जागी लय वेगळी, आणि मुख्य म्हणजे स्नेअर एकटा येत नाही. तो तेराही माइकांत आहे, सोबत मागच्या क्रॅश झांजेची शेपूट घेऊन. ठोका आणला की ती शेपूट अर्धी तुटून येते, हिस्सकन सुरू होते आणि हिस्सकन थांबते. क्रॉसफेड (दोन तुकड्यांचा एकमेकांत मिसळणारा सांधा) लांबवला तर भरतीचा शेवटचा टॉम दोनदा वाजतो. बाहेरचा तयार सॅम्पल लावून पाहिला. भिंतीला दुसऱ्याच रंगाचं ठिगळ लावल्यासारखा दिसत होता. दिसतच होता, ऐकायची गरज नव्हती.

चार तासांनंतर हात टेकले. भोक राहणार. पडलेल्या काठीचा आवाज तेवढा खोलीच्या माइकमधून काढला. (गायिकेने नंतर विचारलं, तो का काढलास? उत्तर सुचलं नाही.)

५ मार्च

ड्रमर गेला. जाण्याआधी सगळ्या ड्रम ट्रॅकच्या प्रती दोन वेगवेगळ्या डिस्कवर, एक माझ्याकडे, एक बेसवाल्याकडे.

तो निघण्याआधीच गाण्यांच्या हक्काचे हिस्सेही ठरवले, कारण हे नंतर ठरत नसतं. चाल आणि शब्दांचा हक्क वेगळा, रेकॉर्डिंगचा वेगळा. शब्द गायिकेचे, चाली बहुतेक तिच्या आणि माझ्या, त्यामुळे कागदावर ड्रमर 'रचनाकार' ठरत नाही. पण तिसऱ्या गाण्याचा आख्खा ढाचा त्याच्या ठेक्यावरून सुचला, हे चौघांनाही माहीत आहे. दोन्हीकडे चार समान भाग. दहा मिनिटांत झालं. सह्या झाल्यावरच तो उठला.

२३ मार्च

बेस संपला. सात-आठ आता अंगात आहे, मोजणं गेलं.

६ एप्रिल

गिटार, तिसरा आठवडा. स्वच्छ आवाजाच्या दोन गिटारी डावी-उजवी, एकीने सोडलेल्या जागेत दुसरी वाजते. कोरसला विकृत आवाजाच्या चार. माझा अनुभव असा की गेन (ही विकृती वाढवणारं बटण) जितका वाढवावा तितकी भिंत पातळ होते. एकटी गिटार ऐकताना मस्त, चार मिळाल्या की मधमाश्या. आज गेन निम्म्यावर आणला आणि हात जड केला.

सहाव्या गाण्यात प्रत्येक जण त्या भोकापाशी अडखळतो. अंगाला ठोक्याची सवय, तो येत नाही, आणि पुढचा कॉर्ड घाईने पडतो. मी एकोणीस वेळा चुकलो. ड्रमर चुकला एकदा, आम्ही ती चूक रोज पाठ करतोय.

१९ एप्रिल

गाणं, म्हणजे आवाज. दिवसाला तीनच जोरकस टेक, हा नियम. ओरडून गायचं असेल तर त्यापुढे गळा सुजतो आणि दुसऱ्या दिवसाचंही नुकसान होतं. म्हणून आधी हळू भाग, शेवटी आरडाओरडा.

दुसऱ्या गाण्याच्या कोरसची ओळ 'परत येणार नाही' अशी होती. शेवटचा स्वर लांबवायचा तर 'ही'वर लांबवावा लागतो, आणि दीर्घ 'ई' वरच्या पट्टीत ओरडली की गळा चिमटतो, आवाज शिट्टीसारखा होतो. तिने एका श्वासात फिरवली: 'नाही परत येणार'. आता ताण 'णा'वर, तोंड उघडं, आवाज छातीतून. शब्द तेच तीन. कविता वाचताना पहिली चांगली होती, हे तीही मान्य करते. पण ही वाचायची नाही.

सहावं गाणं शेवटी घेतलं. भोकाच्या जागी ती फक्त श्वास घेते, ठरवून नाही. दुसरीकडे कुठे वेळच नाही. कंप्रेसरने (बारीक-मोठ्या आवाजातलं अंतर कमी करणाऱ्या यंत्राने) तो श्वास चांगलाच वर आणला.

२७ एप्रिल

आठव्या गाण्यातला घोळक्याचा आवाज. माइक एकच, माणसं एक मीटर मागे, चार पास, दर वेळी जागा बदलून. सहा मित्र आले होते, चोवीस जण ओरडल्यासारखं वाटतं.

ड्रमरने त्याचा आवाज फोनवर व्हिडिओ करून पाठवला. ट्रॅकवर टाकला तर हा माणूस मढ्यासारखा गातोय, खालच्या सुरात, रेंगाळत. त्याला विचारलं, बरा आहेस ना? मग लक्षात आलं. फोनचं रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ (आवाजाचे सेकंदाला ४८ हजार नमुने), आमचं सेशन ४४.१, आणि आयात करताना रूपांतर बंद होतं. फाइल साडेआठ-नऊ टक्के लांबते आणि दीड सेमीटोनच्या आसपास उतरते. रूपांतर केल्यावर तो जिवंत झाला.

३ मे

ट्रम्पेट. या प्रकारच्या संगीतात ट्रम्पेट म्हटलं की पुन्हा त्याच १९९९ च्या अल्बमचं नाव निघणार. तिथे तो त्यांच्या ड्रमरनेच वाजवला होता. आमच्याकडे पाहुणा.

मी सुरावट लिहून दिली होती. त्याने फुंकलं आणि सगळे दचकले. बी-फ्लॅट ट्रम्पेटवर लिहिलेला सी वाजतो बी-फ्लॅट, म्हणजे त्याला सगळं एक पूर्ण स्वर वर लिहून द्यायला हवं. आमचं गाणं एफमध्ये, त्याच्या कागदावर जी हवा होता. त्याने बिचाऱ्याने मनातल्या मनात चढवून वाजवलं आणि दोन टेकमध्ये उरकलं. जाताना म्हणाला, "गिटारवाले नेहमी हेच करतात."

७ जून

मिक्स, चौथी आवृत्ती. याबद्दल फार लिहीत नाही. आवाज वर, आवाज खाली, आवाज पुन्हा वर. एकच नोंदण्यासारखं: मिक्स करणाऱ्याने न विचारता सहाव्यातल्या भोकात उलटा फिरवलेला झांजेचा आवाज भरला होता. त्याला वाटलं फाइल खराब झाली आहे. काढायला सांगितला.

२१ जून

क्रम. एकूण ४० मिनिटं ३० सेकंदं. एलपी (तबकडी) निघणार, म्हणजे बाजू दोन, आणि मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांवर एका बाजूला वीसेक मिनिटांपुढे गेलं की खाचा दाटीने कापाव्या लागतात आणि आवाज दबतो. तेवढ्यात बसतंय.

गायिकेला शेवट आठव्यावर हवा, सगळे ओरडताहेत तिथे. कटिंग इंजिनिअर नको म्हणाला. त्याचं गणित असं: तबकडीचा एक फेरा १.८ सेकंदांचा, कुठेही असा. बाहेरच्या कडेला सुई सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच पार करते, आतल्या टोकाला जेमतेम २१. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबायचा. झांजा, 'स', 'श', घोळक्याचा कल्लोळ, सगळं तिथे खरखरतं. बाजूच्या शेवटी शांत गाणं ठेवायची रीत त्यातूनच आली आहे.

"म्हणजे माझ्या अल्बमचा शेवट खाच ठरवणार?" ती.

तास-दीड तास चाललं. ऑनलाइन वेगळा क्रम ठेवू, असं मी सुचवलं. ते तिला आणखीच आवडलं नाही, दोन अल्बम होतील म्हणाली, आणि ते खरं आहे. अखेर आठवं दुसऱ्या बाजूच्या सुरुवातीला, ट्रम्पेटवालं शेवटी. आता ते आठवं राहिलं नाही, पण या नोंदींत जुनेच आकडे चालू ठेवतो. ऐकल्यावर मला हा क्रम जास्त पटला. तिला अजून नाही. दोन्ही नोंदवतो.

५ जुलै

मास्टरिंग. पहिला मास्टर (प्रकाशनासाठीची अंतिम फाइल) उणे ८ एलयूएफएसवर (जाणवणाऱ्या जोराचं माप, शून्याच्या जवळ म्हणजे जास्त जोर) आला, छाती फुगवून. स्पॉटिफाय उणे १४ च्या पातळीवर आणतं, म्हणजे तो तिथे ६ डीबीने खाली ओढला जाणार आणि चिरडलेला तेवढा चिरडलेलाच राहणार. आमच्या गाण्यांत कुजबुज आणि किंकाळी यांच्यामधलं अंतर हेच तर भांडवल. दुसरा मास्टर उणे ११ वर, टोकं उणे १ डीबीच्या आत. एलपीसाठी वेगळा, लिमिटर (आवाजाची टोकं दाबणारा) जवळजवळ नाही, खालचे बेस सूर मोनो. दुसऱ्या गाण्याच्या कोरसमध्ये 'श्वास' तीनदा येतो. तिथे डी-एसर ('स'-'श'ची धार कमी करणारा) हाताने लावला, शब्दागणिक.

१९ जुलै

मुखपृष्ठ. घर नको, खिडकी नको, यावर एकमत. अमेरिकन फुटबॉलच्या मुखपृष्ठावरचं अर्बाना, इलिनॉयमधलं ते घर इतकं गाजलं की २०२३ मध्ये बँडने, त्यांच्या लेबलने आणि काही जणांनी मिळून ते विकतच घेतलं. त्यानंतर घराचा फोटो लावणं म्हणजे हसं करून घेणं. आमचा फोटो गुंडाळून ठेवलेल्या केबल्सचा. ३००० बाय ३००० पिक्सेल. बरा दिसतो.

९ ऑगस्ट

वितरकाचा फॉर्म. प्रत्येक रेकॉर्डिंगला १२ अक्षरी आयएसआरसी (रेकॉर्डिंगचा ओळख-संकेत), अल्बमला बारकोड. प्रकार निवडायच्या यादीत इमो नाहीच. ऑल्टर्नेटिव्ह घेतलं. गंमत म्हणजे १९८५ च्या सुमारास वॉशिंग्टन डीसीच्या ज्या हार्डकोर बँडांवर हा शिक्का पहिल्यांदा बसला, त्यांनाही तो नकोच होता. चाळीस वर्षांनी यादीनेही तो टाळला.

गाण्यांची नावं लांबलचक ठेवायची आमची (सगळ्याच इमोवाल्यांची) खोड इथे नडली. चौथ्याच्या नावातला 'दुसऱ्या' पूर्वावलोकनात 'दुसर्या' असा दिसतो. अर्धा ऱ कुणीतरी साध्या र-ने टंकला होता. कुणीतरी म्हणजे मी.

२० सप्टेंबर

टेस्ट प्रेसिंग (तपासणीसाठीची नमुना तबकडी) आलं. तिघांनी तीन वेगवेगळ्या टर्नटेबलांवर ऐकलं, कारण एका ठिकाणी सुई उडाली तर दोष तबकडीचा की यंत्राचा, कळत नाही. पहिल्या बाजूला चौथ्या गाण्यात टिक येते, तिन्ही ठिकाणी, तिथेच. कळवलं. साचा पुन्हा करणार, म्हणजे तबकड्या डिसेंबरात. तारीख पुढे न्यायची नाही असं ठरलं.

३१ ऑक्टोबर

स्पॉटिफायच्या संपादकांकडे प्लेलिस्टसाठी एक गाणं पाठवता येतं, एका वेळी एकच, निदान सात दिवस आधी. आज पाठवलं, दोन आठवडे हातात ठेवून. तिसरं गाणं. मी सहावं म्हणत होतो, मत पडलं दोन विरुद्ध एक. ड्रमरने मत द्यायला नकार दिला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

प्रकाशन. शुक्रवार, कारण १० जुलै २०१५ पासून जगभर हाच वार. मध्यरात्री आठ गाणी दिसली, नववं नाही. सकाळी तेही आलं. प्लेलिस्टमध्ये काही लागलं नाही. स्पॉटिफायवर वर्षात १००० वेळा वाजल्याशिवाय गाण्याला मानधन सुरू होत नाही, तेव्हा पहिला डोंगर तोच.

१३ डिसेंबर

तबकड्या आल्या. टिक गेली. शेवटच्या गाण्यातला ट्रम्पेट आतल्या खाचेत स्वच्छ वाजतो. गायिका दोनदा ऐकून गेली, बोलली काही नाही.

२० डिसेंबर

कार्यक्रमासाठी नव्या ड्रमरसोबत पहिली रिहर्सल. पोरगी तयारीची आहे, आख्खा अल्बम ऐकून बसवून आली होती. सहाव्यात भरती चढत आली, ती थांबली, गायिकेने श्वास घेतला, आणि चौघंही एकदम आत. कुणीही अडखळलं नाही.

फोनवरचं रेकॉर्डिंग जुन्या ड्रमरला पाठवलं. तासाभराने उत्तर आलं: "मस्तच. फक्त शेवटच्या कोरसआधी तिचा एक ठोका राहतोय, सांग तिला."